निंबापासून पारापर्यंत

पुंजा, आज टपाल आले.

तू गेल्यापासून अठरा दिवस आपल्या गावाला टपाल नव्हते. आपली थैली जऊळक्याच्या स्टेशनावरच पडून होती म्हणतात. या अठरा दिवसांत मला एक गोष्ट उमगली, की हे गाव घड्याळावर चालत नव्हते, तुझ्या सायकलच्या घंटीवर चालत होते. ऊन आमच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर उतरले, की दाराअलीकडच्या निंबाकडून घंटी वाजायची आणि आतून आवाज यायचा, "टपाल आलं वाटते, पान वाढू का?" गेले अठरा दिवस मी जेवायला केव्हा बसावे हे आमच्या घरात कोणालाच कळले नाही.

आज तीच घंटी पुन्हा वाजली. सायकल सरकारची, तुझ्यामागे ती नव्या माणसाला मिळाली. घंटीच्या टोपीला जी खोक पडली होती, तिच्यामुळे तिचा आवाज शेवटी किंचित घसरत असे. तो तसाच घसरला आणि मी ओट्यावर ताडकन उभा राहिलो. त्यानंतर जे घडले ते मला तुला सांगायचे आहे. पण एकदम ते सांगण्याचा अधिकार मला नाही. आधी मागचे सांगितले पाहिजे. ते तुला सगळे ठाऊक आहे; तरी तुलाच सांगतो आहे, कारण माझ्या तोंडाने ते मी कधी कबूल केले नाही.

आपण एका शाळेत शिकलो असे मी लोकांना अभिमानाने सांगत आलो. खरे असे, की मी शाळेत शिकलो आणि तू शाळेच्या ओसरीवर. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या मुलाने उंबऱ्याच्या आत यायचे नाही, असा दंडक होता. मास्तरांनी विचारलेल्या त्रैराशिकाचे उत्तर मला येत नसे तेव्हा ते बाहेरून, दाराआडून येई. मास्तर म्हणत, "देशमुख, ओसरीले येते ते तुले येत नाई?" तुझे नावही ते घेत नसत. पुढे तू परीक्षा पास झालास, टपालखात्यात लागलास आणि दहा वर्षे जऊळक्यापासून किन्हीराजाच्या पुढच्या तांड्यापर्यंत पायी थैली वाहिलीस. मग खात्याने तुला सायकल दिली.

त्या दिवशी अर्धे गाव वाटेवर उभे होते. तू खाकी घालून, घंटी वाजवत, धूळ उडवत आलास आणि आमच्या दारावरून तसाच सरळ पुढे गेलास. आबा ओट्यावर बसले होते. माझे वडील ओरडणारे नव्हते. त्यांनी पानाला चुना लावला, विडा तोंडात घातला आणि मग मला म्हणाले, "बापू, त्याले सांग. मी सांगितलं तं त्याले लागन."

आणि मी सांगितले. संध्याकाळी नाल्याच्या काठी तू सायकल धूत होतास. आपले ते बोलणे मला शब्दन् शब्द आठवते.

"पुंजा, आबाचं म्हननं हाये, का दारापुढून उतरून जात जाय."

"काहून? सायकल सरकारची, थैली सरकारची, रस्ता जिल्हा बोर्डाचा."

"रस्ता बोर्डाचा हाये, ओटा आबाचा हाये."

"मंग मी ओट्यावरून नाई नेत बावा सायकल," तू म्हणालास आणि हसलास. मीही हसलो. हसण्याच्या आडोशाला मी ती तडजोड तुझ्यापुढे ठेवली, जिचा मला पुढे कित्येक वर्षे अभिमान वाटत राहिला. मी म्हणालो, "तसं बी आमचं टपाल द्याले तुले उतराच लागते. जरा आधी उतर, जरा उशिरा बस. निंबापाशी उतर, मारुतीच्या पारापाशी बस. कोनाले काही दिसनार नाई."

"आन् तुमचं टपाल नसलं त?"

"असन."

तू चाकावरचा चिखल काडीने काढत राहिलास. मग, वर न पाहता, विचारलेस, "कवापावतर?"

"आबा हायेत तवापावतर. मंग मी हावोच."

हेच ते वचन. आपल्यामधली सारी कथा या एका वाक्याभोवती आहे.

टपाल असेल असे मी म्हणालो होतो आणि ते असावे याची मी व्यवस्था केली. नागपूरचे साप्ताहिक सुरू केले. पुण्याच्या बियाण्यांचे सूचीपत्र मागवले. कलकत्त्याच्या घड्याळांचे मागवले, औषधांचे मागवले, हार्मोनियमचेही मागवले, आणि आमच्या घरात कोणाला सूर कळत नाही हे तुला माहीत होते. देशमुखाच्या दारापुढे तुला उतरावे लागते असे कोणी म्हणू नये. टपाल द्यायचे म्हणून पुंजा उतरतो, असे दिसावे. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी हे करतो आहे, असे मी स्वतःला समजावत असे. त्यातली बहुतेक वेष्टणे मी फोडलीसुद्धा नाहीत. कपाटाचा खालचा कप्पा आजही त्यांनी भरलेला आहे.

तुला ते पहिल्या दोन महिन्यांतच कळले होते. एकदा पाकीट माझ्या पायाशी ओट्याच्या कडेवर ठेवून तू हळूच म्हणालास, "बापूसाहेब, घड्याळाचं पुस्तक तिसऱ्यांदा आलं. किती घड्याळं घेता? गावाले येळ त मीच सांगून राह्यलो." ओट्यावरचे सगळे हसले. चारचौघांत मी तुझा बापूसाहेब होतो, खळ्यावर नुसता बापू.

खळ्याची आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात इतका निर्मळ महिना दुसरा आला नाही. कापूस वेचून झाला होता, खळे मोकळे होते आणि मी पस्तिशीच्या वयात तुला म्हणालो होतो, "मले शिकव." पहाटे, शेतावर गडी येण्याआधी, तू मागून खोगीर धरून धावायचास आणि मी दोन्ही हातांनी जीव मुठीत धरल्यासारखा दांडा धरायचो. "चाकाकडं नको पाहू, बापू! समोर पाह्य! चाक आपलं आपण येते!" एकदा मी सरळ पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडांच्या, ढिगात गेलो. तू मला हाताला धरून ओढून काढलेस, माझ्या पाठीतल्या काटक्या वेचल्यास आणि हसता हसता खाली बसलास. "देशमुखाले पऱ्हाटीनं धरलं रे, सोडतच नाई!" त्या महिन्यात तुझा हात माझ्या पाठीला, खांद्याला, दंडाला किती वेळा लागला, याची आठवण मला घरी परतताना वाटेत येत असे. खळ्यावर कधी आली नाही.

मग एका पहाटे तू खोगीर सोडून दिलेस आणि मला सांगितले नाहीस. मी खळ्याला पूर्ण फेरी मारून आलो, तर तू कमरेवर हात ठेवून मधोमध उभा. मी शिकलो होतो. पण गावात मी सायकलवर कधी बसलो नाही. देशमुखाने बैल जोडलेल्या दमणीतून जावे, सायकल हे निरोप्याचे वाहन, अशी समजूत होती आणि ती मोडण्याइतकेही बळ माझ्यात नव्हते. तू एकदाच म्हणालास, "शिकला कायले मंग?" हा आपला एक राहून गेलेला वाद.

तू मात्र सायकल अशी वापरलीस, जसे कोणी आपले पाय वापरतो. थैलीबरोबर तू स्टेशनावरून कोणाची तापावरची कोयनेलची पुडी आणायचास, कोणाचा चष्मा दुरुस्त करून आणायचास, सासरी दिलेल्या मुलीचा निरोप किन्हीराजाहून आणायचास. तांड्यावर उकिडवा बसून कामाला गेलेल्यांची पत्रे त्यांच्या आयांना वाचून दाखवायचास. आणि पत्रात वाईट बातमी असली की आधी पाणी मागायचास, म्हणजे ती बाई उठेल, हालचाल करील आणि तुला शब्द शोधायला वेळ मिळेल. बाभळीचे काटे रोज निघायचे. पावसाळ्यात काळी माती चाकात भरली की चाक फिरायचे थांबे आणि तू सायकल खांद्यावर घेऊन चालायचास. कोणी हसले तर म्हणायचास, "उनाळ्यात मी तिच्यावर, पावसाळ्यात ते माह्यावर. संसार हाये बावा." तुझे पाहून आसपास सायकली आल्या. शिंप्याने घेतली, दुकानदाराने घेतली. ते आमच्या दारावरून जाताना आबांना हात वर करून रामराम किंवा सलाम करीत आणि टांग न काढता पुढे जात. त्यांना कोणी काही म्हटले नाही. उतरत होतास तो तू एकटा. हे मी पाहत होतो. पुंजा, हे मी रोज पाहत होतो.

आबा गेले. तेरावे झाले. चौदाव्या दिवशी मी प्रथमच त्यांच्या जागेवर, त्यांच्या तक्क्याला टेकून बसलो आणि निंबाकडून घंटी वाजली. तू थांबलास. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. उतरला नव्हतास. तू माझ्याकडे पाहिलेस.

मी काय करायला हवे होते? मान हलवायची होती. हात वर करून "ये" म्हणायचे होते. आवंढा गिळायला लागतो तेवढा वेळ तू थांबला होतास. मी साप्ताहिक उचलले आणि डोळ्यांपुढे धरले. कागदाच्या पलीकडे सायकलवरून माणूस उतरल्याचा आवाज झाला आणि मग तुझ्या वहाणांचा, निंबापासून पारापर्यंत.

बाप जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच लेकाने रीत मोडली, असे लोक म्हणतील. म्हणून पेरणीपर्यंत थांबावे, असे मी ठरवले. पेरणीनंतर दिवाळीपर्यंत. अशी अकरा वर्षे गेली. तू पुन्हा कधी निंबाखाली थांबून माझ्याकडे पाहिले नाहीस. आणि मी लोकांना भीत होतो, एवढेच सांगून इथे थांबलो असतो, तर हे लिहिण्याला काही अर्थ राहिला नसता. मी भीत होतो हे खरे. पण पुंजा, मला ते आवडतही होते. वाजत येणारी घंटी माझ्या दारापुढे बंद होते, चालते चाक थांबते, हे मला सुखाचे वाटत होते. आबांना जे सुख उघड घेता येत असे ते मी मित्रत्वाच्या आडून घेत होतो. हे एक वाक्य लिहायला मला अठरा दिवस लागले.

गेल्या श्रावणातला तो दिवस. लढाई सुरू झाल्यापासून ट्यूब मिळेनाशा झाल्या होत्या. तू ठिगळावर ठिगळ लावून चाके चालवत होतास. गुडघाही दुखत होता. सायकल चालवणे तुला जड नव्हते, चढणे-उतरणे जड होते. हे तू कोणाजवळ बोलला नाहीस, पण मी सायकल शिकलेला माणूस आहे, मला दिसत होते. त्या दिवशी आमचे टपाल नव्हते. तरी तू उतरलास, चिखलातून पारापर्यंत गेलास, डावा पाय पायडलवर ठेवून रेटा दिलास आणि घसरलास. सायकल तुझ्यावर पडली.

मी ओट्यावरून उठलो. दोन पायऱ्या उतरलो. मागे चार माणसे बसलेली होती. कोणी म्हणाले, "अरे, त्याच्या वस्तीतलं कोनी बोलवा!" आणि मी दुसऱ्या पायरीवर थांबलो. तिथून मी पाहिले, की उठण्यासाठी तुझा हात पाराकडे गेला आणि वाटेतच मागे फिरला. मारुतीच्या पाराला हात लागू नये, म्हणून तू चिखलात हात टेकलास. मग आधी पत्रे गोळा केलीस, एकेक आपल्या सदऱ्याला पुसलीस आणि मग पायाकडे पाहिलेस. ज्या हाताने महिनाभर माझे खोगीर धरले होते तो हात चिखलात होता, आणि माझा हात माझ्या स्वतःच्या ओट्याच्या खांबावर.

पाय सुजला, तरी तू थैली सोडली नाहीस; मग तो चिघळला, ताप उतरेना आणि तू खाट धरलीस. जवळच्या मालेगावाहून मी डॉक्टर आणवला, दूध पाठवले. जे पाठवता येते ते सगळे पाठवले. शेवटी एका दुपारी मी आलो. इतक्या वर्षांत प्रथम तुझ्या अंगणात आलो. भागावहिनींनी घोंगडी टाकली. त्यांना वहिनी म्हणायचे धैर्यही मला या कागदावरच झाले आहे. त्यांनी विचारले, "पानी देऊ का?" आणि तू खाटेवरून म्हणालास, "त्याले पानी नको इचारू वं, त्याची पंचाईत होते."

मी पाणी मागून घेतले आणि प्यालो. तू डोळे मिटून हसलास. मला वाटले, आपण काहीतरी केले. आता कळते, की ते सोपे गेले, कारण तिथे पाहणारे माझे कोणी नव्हते.

ते वाक्य मी तयार करून आलो होतो. 'पुंजा, आबांनंतर मी तुला सांगायला हवे होते. बरा झालास की दारापुढे उतरू नकोस.' ते ओठांवर असतानाच तू म्हणालास, "बापू, एक खरं सांगशीन?"

"इचार."

"आबाच्या मागं, एखाद्या दिवशी, मी उतरलोच नसतो तं तू काय केलं असतं?"

मला केवढे हायसे वाटले! मनापासून, घाईने मी म्हणालो, "काही नाई, पुंजा. देवाशपथ, मी काहीच केलं नसतं."

तू खोकला येईपर्यंत हसलास. वहिनींनी पाठ चोळली. मग हळू आवाजात, जरासुद्धा राग न आणता, म्हणालास, "तेच तं. ओट्यावरचे चौघं उठून माह्या अंगावर धावले असते, तरी तू काहीच केलं नसतं. म्हनून उतरत गेलो, गड्या. आबाचं भेव नव्हतं मले. तुह्या काहीच न करन्याचं होतं."

तयार केलेले वाक्य त्यानंतर बोलणे मला निलाजरेपणाचे वाटले, आणि तो शहाणपणा नसून पळ होता. "उद्या येतो," म्हणून मी उठलो. तू म्हणालास, "येजो. समोर पाहून जाय, अंगनात दगड हाये." ते तुझे शेवटचे शब्द. आजवर कोणी माझी इतकी काळजी केली असेल तर ती आईने. दुसऱ्या दिवशी मी आलो नाही. तिसऱ्या दिवशी तू नव्हतास. तुझी तिरडी नाल्याच्या बाजूने गेली. आमच्या दारावरची वाट तुमच्या वस्तीला त्यासाठी कधी दिलेलीच नव्हती. मी मागे, थोड्या अंतराने, चालत होतो. ते अंतरही मी तोडले नाही.

आता आजचे सांगतो.

घंटी वाजली, मी उभा राहिलो. निंबाखालून नवा माणूस आला. अकोल्याकडचा आहे, कोण, कुठल्या जातीचा, गावाला अजून कळलेले नाही आणि गावाची रीत त्याला कळलेली नाही. आज आमचे टपाल नव्हते. तो निंबापाशी उतरला नाही. सायकलची सावली आमच्या पायऱ्यांवरून सरकली, साखळीचा तेल मागणारा आवाज आला, आणि तो पारावरून वळून गेलाही. मी घेतलेला श्वास अजून सोडलेला नव्हता.

शेजारी गणपतराव बसले होते, आबांच्या वेळेपासून रोज बसणारे. ते म्हणाले, "बापूसाहेब, पाह्यलं का? नवा दिसते. त्याले सांगा लागन."

आणि मी म्हणालो, "नाई. कोनी काही सांगाचं नाई. जाऊ द्या त्याले तसंच."

माझा आवाज कापला नाही. आकाश कोसळले नाही. तुझ्यासाठी अकरा वर्षे जे वाक्य माझ्या घशातून वर आले नाही, ते मी एका अनोळखी माणसासाठी बोललो, ज्याला त्याची गरज नव्हती आणि ज्याने ते ऐकलेही नाही.

गणपतरावांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग "बरं," म्हणाले आणि अडकित्ता उघडून सुपारी कातरायला घेतली.

इतकेच. पुंजाजी, इतकेच होते ते.